भिंगाचे वर्तुळ आणि चित्राची चौकट

जुन्या वस्तूंविषयीचा लोभ दोन प्रकारचा असतो. एक लोभ त्या वस्तूच्या गुणांवर जडतो. दुसरा केवळ तिच्या जुनेपणावर. पहिल्यातून रसिकता वाढते, दुसऱ्यातून फार तर संग्रह वाढतो. व्यवहारात हे दोन्ही लोभ एकमेकांत असे मिसळून गेलेले असतात की, आपण नेमके कशावर भाळलो आहोत हे ज्याचे त्यालाही सांगता येत नाही. छायाचित्रणाच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत जी एक हौस रूढ झाली आहे तिच्यात हा गोंधळ विशेष स्पष्टपणे दिसतो. ही हौस म्हणजे जुन्या चलच्चित्र-कॅमेऱ्यांची भिंगे मिळवून ती आजच्या लहान सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर बसविण्याची. वरवर पाहता हा विषय यंत्रांची आवड असणाऱ्यांचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो रसिकतेचाच आहे, आणि म्हणून त्याचा विचार येथे करण्यास हरकत नसावी.

आधी वस्तुस्थिती पाहू. कोडॅक कंपनीने १९२३ साली हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म काढली आणि १९३२ साली तिच्याहून स्वस्त पडणारी ८ मिलिमीटरची फिल्म आणली. त्यानंतरच्या काही दशकांत या लहान फिल्मांसाठी उत्तमोत्तम भिंगे तयार झाली. स्वित्झर्लंडमधील कर्न, फ्रान्समधील आंजेन्यू आणि सोम बेर्तिओ, इंग्लंडमध्ये लेस्टर येथील टेलर-हॉब्सन, अमेरिकेत रॉचेस्टर येथील वॉलेनसॅक, जर्मनीतील श्नायडर, ही नावे जाणकारांच्या तोंडी आजही असतात. पुढे व्हिडिओ आला, फिल्म मागे पडली, कॅमेरे माळ्यावर गेले आणि त्यांच्याबरोबर ही भिंगेही गेली. ती तेथून पुन्हा खाली उतरली याचे कारण २००८ साली पॅनासॉनिक आणि ऑलिंपस या दोन जपानी कंपन्यांनी पुढे आणलेली 'मायक्रो फोर थर्ड्स' ही पद्धती होय.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असे. त्या आरशाला हलायला जागा हवी म्हणून भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत चाळीसहून अधिक मिलिमीटरचे अंतर ठेवावे लागे. १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचे भिंग तर फिल्मपासून अवघ्या १७.५२६ मिलिमीटरवर बसण्यासाठी घडवलेले. ते एसएलआरवर कसेबसे टेकविले तरी दूरचे काहीच स्पष्ट दिसणे शक्य नव्हते. आरसा गेला आणि हे अंतर एकदम १९.२५ मिलिमीटरवर आले. आता पावणेदोन मिलिमीटरचाच काय तो फरक उरला. तेव्हा भिंग कॅमेऱ्याच्या तोंडात तेवढे आत बुडेल अशी एक धातूची कडी कातून घेतली की काम झाले. या कडीला ॲडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नसते, तार नसते. असतात ते एक इंच व्यासाचे, इंचाला ३२ या हिशेबाने पाडलेले आटे. तंत्राची गोष्ट एवढीच आहे. तिच्यापुढे सुरू होते ती अभिरुचीची गोष्ट.

कोणतेही भिंग आपल्या मागे जे चित्र पाडते ते चौकोनी नसते, वाटोळे असते. त्या वर्तुळात चौकट बसविण्याचे काम कॅमेरा करतो. १६ मिलिमीटर फिल्मवरील चौकट सुमारे १०.३ बाय ७.५ मिलिमीटर, म्हणजे तिचा कर्ण पावणेतेरा मिलिमीटरांच्या आतच. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर. त्याचा कर्ण २१.६ मिलिमीटर. आजच्या कॅमेऱ्यांच्या जगात हा सेन्सर लहान समजला जातो, परंतु त्या जुन्या चौकटीच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळ त्याच्यात मावते. उदाहरणादाखल कर्न कंपनीचे 'स्विटार' हे २५ मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ १.४ छिद्राचे भिंग घ्या. आपल्या मूळ चौकटीत ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा देखावा पाहत असे. नव्या सेन्सरवर त्याच्याकडून सुमारे सत्तेचाळीस अंशांची अपेक्षा केली जाते. जी अठरा अंशांची भर पडली तिच्याविषयी ते भिंग घडविणाऱ्याने कोणालाही कसलाही शब्द दिलेला नव्हता.

आणि शब्द द्यावयाचा तो किती काटेकोरपणे द्यावयाचा हे या कारागिरांना चांगले ठाऊक होते. आराऊ गावातील कर्नचा कारखाना १८१९ साली सुरू झालेला. आरेखनाची उपकरणे आणि भूमापनाची थिओडोलाइट यंत्रे ही त्याची कीर्ती. सेंत क्र्वा येथील पायार कंपनीने १९३५ साली 'बोलेक्स एच १६' हा कॅमेरा बाजारात आणला, त्याच्यासाठी कर्नने ही भिंगे पुरविली. स्विटारच्या पुढील काळातील नळीवर बारीक बारीक खिडक्यांची एक रांग आहे. छिद्राचे कडे फिरवीत गेले की त्या खिडक्यांतून नारिंगी ठिपके एकेक करून उमलतात आणि या छिद्राला किती फुटांपासून किती फुटांपर्यंतचे दृश्य स्पष्ट येईल ते दाखवितात. भिंग काय करू शकेल आणि कोठे थांबेल हे भिंगाच्याच अंगावर लिहून ठेवणारा तो कारागीर होता. अशा माणसाच्या कृतीची परीक्षा करताना त्याने आखलेली मर्यादा पुसून टाकणे हे मला न्यायाचे वाटत नाही.

परंतु आजची हौस नेमकी त्या मर्यादेबाहेरच्या प्रदेशावर लुब्ध झालेली आहे. तेथे प्रकाश अपुरा पडतो, म्हणून कोपरे काळवंडतात. तेथे प्रतिमेचा पृष्ठभाग वाटीसारखा वाकतो, म्हणून मध्यभाग स्वच्छ असला तरी कडा विरघळतात. मागे झाडांची पाने असली तर प्रत्येक प्रकाशबिंदू ताणला जाऊन चंद्रकोरीसारखा होतो आणि साऱ्या कोरी मिळून मधल्या व्यक्तीभोवती भोवरा फिरत असल्याचा भास होतो. या भोवऱ्याला हल्ली 'भिंगाचे व्यक्तिमत्त्व' असे भारदस्त नाव मिळालेले आहे. जे भिंग अधिक घोटाळा करील त्याचे व्यक्तिमत्त्व अधिक ठळक, आणि म्हणून त्याची किंमतही अधिक, असा सध्याचा बाजारभाव आहे.

याच्या उलट टोकालाही एक पंथ आहे. तो कागदावर छापलेल्या रेघांच्या तक्त्याचे छायाचित्र काढतो, कोपऱ्यातल्या रेघा मोजतो आणि जुनी भिंगे टाकाऊ आहेत असा निकाल देतो. हे दोन्ही पंथ एकमेकांना अरसिक समजतात. वास्तविक दोघांची चूक एकच आहे. भिंगाने जे कधी कबूलच केले नव्हते त्याबद्दल एक त्याची स्तुती करतो आणि दुसरा निंदा करतो. भिंगाने जे कबूल केले होते, म्हणजे मधले पावणेतेरा मिलिमीटर, त्याच्याकडे दोघांचेही लक्ष नाही.

हे मला शहाणपणाने कळले असे नाही. एका चुकीतून कळले. अंत्रुजातील आमच्या आत्याचे सासरचे घर वाटणीच्या व्यवहारात विकले गेले. ताबा देण्यापूर्वी एकदा घराचे आणि आत्याचे छायाचित्र घ्यावे म्हणून मी गेलो. त्या सुमारास माझ्या हाती नुकताच एक स्विटार आला होता आणि त्याच्या भोवऱ्यावर मी पुरता भाळलो होतो. आत्या राजांगणाच्या पायरीवर, खांबाशी बसली. तिच्या डाव्या हाताला भिंत होती. त्या भिंतीवर तीन पिढ्यांच्या मुलांची उंची दरवर्षी कोळशाच्या रेघांनी मांडून ठेवलेली. त्यांतल्या दोन रेघा माझ्याही होत्या. उजव्या हाताला तुळस आणि तिच्यापलीकडे परसाकडे जाणारे दार. मी छिद्र पुरते उघडे ठेवले आणि सहा-सात चित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो आत्याचा चेहरा अप्रतिम उतरला होता. कातडीवरील प्रत्येक सुरकुती जिवंत होती, आणि भोवती उजेड-सावलीचे मऊ वलय फिरत होते. ज्यांना ज्यांना चित्र दाखविले त्यांनी त्यांनी वाहवा केली.

पुढे काही महिन्यांनी मी ते चित्र मोठे करून आत्याला नेऊन दिले. तोपर्यंत घर पाडून झाले होते. तिने चष्मा लावला, चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "फोटो बरो आयला रे, पूण घर खंय?"

मला उत्तर देता आले नाही. भिंत होती त्या ठिकाणी करड्या रंगाचा एक फरकाटा होता. रेघा नव्हत्या. तुळशीची एक हिरवी कोर झाली होती. दार काळ्या कोपऱ्यात बुडाले होते. मी घरी जाऊन मूळ चित्रे पुन्हा पुन्हा मोठी करून पाहिली. परंतु जे भिंगातून आलेच नव्हते ते संगणकातून कोठून येणार? त्याच दिवशी आतेभावाने मोबाइलवर एक साधे, सपाट, कसलेही व्यक्तिमत्त्व नसलेले छायाचित्र घेतले होते. त्याच्यात आत्या लहान दिसते, पण भिंतीवरच्या रेघा मोजता येतात. तिच्या उशाशी आज आहे ते ते छायाचित्र.

याचा दोष मी भिंगाला देत नाही. दोष चौकट लावणाऱ्याचा होता. स्मरणासाठी काढावयाच्या चित्रात मी स्मरणाचा आभास तेवढा विकत घेतला आणि प्रत्यक्ष स्मरण गमावून बसलो. काळवंडलेले कोपरे आणि विरघळलेल्या कडा पाहून आपल्याला 'जुन्या काळचे' काही पाहिल्यासारखे वाटते. पण हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. ज्या काळी ही भिंगे वापरात होती त्या काळच्या पडद्यावर असे भोवरे क्वचितच दिसत. फिल्मवरील चौकट वर्तुळाच्या भरवशाच्या भागातच बसलेली असे, आणि प्रक्षेपकाची खिडकी तिच्याही कडा थोड्याशा कापून मगच चित्र पडद्यावर टाकीत असे. म्हणजे आज ज्याला आपण जुन्या काळाचा सुवास म्हणतो तो त्या काळाला फारसा ठाऊकच नव्हता. तो आपण आज तयार केलेला आहे आणि वर जुन्याच्या नावावर खपवीत आहोत.

येथे कोणी म्हणेल की, कलेच्या इतिहासात दोषाचाच गुण झाल्याची उदाहरणे काय थोडी आहेत? आक्षेप रास्त आहे. जोसेफ पेट्झवालने १८४० साली रचलेल्या भिंगात कडांचा हाच दुबळेपणा होता. पण चेहऱ्याच्या चित्रात चेहरा मध्ये असतो, म्हणून कित्येक दशके ते व्यक्तिचित्रांचे भिंग म्हणून मानाने वावरले. इंग्लंडमध्ये ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ साली, कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या चित्रांतील अस्पष्टतेची त्या वेळच्या तज्ज्ञांनी टर उडविली आणि आज तीच चित्रे संग्रहालयांतून जपून ठेवली जातात. आपले साहित्यशास्त्र तर याहून पुष्कळ आधी या प्रश्नाला भिडलेले आहे. योग्य आश्रय मिळाला तर दोषही शोभून दिसतो हे भामहाने मानले; आणि अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हेच काव्याचे जीवित मानून असे प्रतिपादिले की, अलंकार कितीही मोलाचा असो, तो आपल्या जागी असेल तरच अलंकार.

परंतु याच कसोटीवर आजची हौस घासून पाहिली तर ती बहुधा उतरत नाही. कॅमेरॉनबाईंची अस्पष्टता सबंध चित्राला व्यापून असते. ती चेहऱ्याच्या अंतर्मुखतेशी एकजीव झालेली असते. ती काढून घेतली तर चित्रच उरणार नाही. आजच्या भोवऱ्याचे तसे नाही. तोच भोवरा नवरीभोवती फिरतो, तोच मांजराभोवती, तोच चहाच्या पेल्याभोवती. विषय बदलला तरी जो बदलत नाही, त्याला अलंकार कसे म्हणावे? तो शिक्का झाला. कवीने प्रत्येक कवितेत एकच यमक वापरावे आणि त्याला आपली शैली म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. दोष गुण होतो तो त्याची गरज असेल तेव्हा, आणि ती गरज काय हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक असेल तेव्हा.

मग ही भिंगे पुन्हा माळ्यावर टाकावीत की काय? मुळीच नाही. त्यांना त्यांची चौकट परत द्यावी एवढेच माझे म्हणणे. याचे मार्ग अगदी साधे आहेत. सेन्सरच्या मधला भागच तेवढा घेण्याची सोय अनेक मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांत आहे; नसल्यास चित्र नंतर कापता येते. एक कोटी साठ लाख बिंदूंच्या चित्रातून १६ मिलिमीटरच्या चौकटीएवढा मधला भाग कापला तर सुमारे पंचावन्न लाख बिंदू उरतात, आणि त्यांतून नऊ इंच रुंदीचे छापील चित्र उत्तम निघते. तेवढ्या भागात स्विटार काय करतो ते पाहावे. त्याची रेषा रेखीव असते, पण बोचत नाही. उजेडाकडून सावलीकडे तो सावकाश जातो. हे त्याचे खरे व्यक्तिमत्त्व होय, आणि ते सगळे वर्तुळाच्या आतले आहे. ज्यांना पुरा सेन्सर हवा त्यांनी अधिक नाभीय अंतराची भिंगे घ्यावीत. ५० किंवा ७५ मिलिमीटरच्या भिंगांचे वर्तुळ बहुधा मोठे असते. उलट १० मिलिमीटरचे भिंग लावले तर काळ्या कागदाला पाडलेल्या भोकातून पाहिल्यासारखे दिसेल. चलच्चित्र घेणाऱ्यांसाठी तर २०१३ साली निघालेला ब्लॅकमॅजिक कंपनीचा खिशात मावणारा कॅमेरा होता. त्याचा सेन्सर १२.५ बाय ७ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या चौकटीच्या पुष्कळच जवळचा. या भिंगांना तेथे आपल्या घरी आल्यासारखे वाटत असले पाहिजे.

८ मिलिमीटरच्या भिंगांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती फिल्मपासून केवळ १२.२९ मिलिमीटरवर बसत, म्हणून मायक्रो फोर थर्ड्सवर त्यांचा उपयोग नाही. त्यांना आश्रय दिला तो २०११ सालच्या पेंटॅक्स क्यू या इवल्याशा कॅमेऱ्याने. त्याचे अंतर ९.२ मिलिमीटर आणि सेन्सरचा कर्ण आठ मिलिमीटरांच्या आत, त्यामुळे ती तेथे बऱ्यापैकी सामावतात. मात्र त्या कॅमेऱ्याचा खरा शटर त्याच्या स्वतःच्या भिंगांत आहे. परके भिंग लावले की केवळ विजेच्या शटरवर भागवावे लागते आणि धावती वस्तू तिरपी उमटते. तेव्हा ही जोडी स्थिर वस्तूंसाठीच बरी.

आणखी दोन गोष्टी नव्या हौशी लोकांच्या कानावर घालणे अवश्य वाटते. १९५६ साली बोलेक्सने भिंगामागे लोलक असलेला रिफ्लेक्स कॅमेरा काढला. त्याच्यासाठी केलेल्या ५० मिलिमीटर आणि त्याहून कमी नाभीय अंतराच्या भिंगांवर 'आरएक्स' अशी खूण असते. त्यांची रचना त्या लोलकाची काच जमेस धरून केलेली आहे. लोलक नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यावर छिद्र पुरते उघडले तर मध्यभागही मऊ येतो. हे न कळल्यामुळे चांगल्या भिंगाची नाहक बदनामी होते, किंवा त्या मऊपणाचेही 'व्यक्तिमत्त्व' म्हणून कौतुक होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काही भिंगांच्या बैठकीमागचा भाग रुंद असल्यामुळे ती कडीत नीट उतरत नाहीत. अशा वेळी लोक त्या भिंगाची कडच कानशीने घासतात किंवा लेथवर कातून घेतात. सत्तर वर्षे शाबूत राहिलेली वस्तू एका दुपारच्या हौसेपायी कायमची अधू करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? घासायचीच असेल तर कडी घासावी. ती नवी मिळते.

या हौसेत एक गोष्ट मात्र निखालस चांगली आहे, आणि तिचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. या भिंगांना वीज लागत नाही. छिद्र हाताने लावावे लागते, अंतर हाताने जुळवावे लागते, त्यामुळे माणूस सावकाश पाहू लागतो. तेल आटत आलेले ते कडे फिरवता फिरवता समोरचा चेहरा धुक्यातून उजेडात येतो, आणि नेमके कोठे थांबावयाचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. ही सवय एकदा लागली म्हणजे नव्या भिंगाने काढलेली चित्रेही सुधारतात. हा संस्कार भोवऱ्याहून मोलाचा आहे, आणि त्याच्यासाठी एकाही कोपऱ्याचा बळी द्यावा लागत नाही.

मी माझा स्विटार विकलेला नाही. चित्र घेण्यापूर्वी चौकटीच्या चारी कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरविण्याची सवय मात्र मी स्वतःला लावून घेतली आहे. तेथे काय आहे, आणि ते पुसले गेले तर कोणी त्याची चौकशी करील काय, एवढेच पाहावयाचे. कोणी करणार नसेल तर भोवरा खुशाल फिरू द्यावा. करणार असेल तर चौकट आवरती घ्यावी, दोन पावले मागे यावे, आणि भिंगाने दिलेल्या शब्दाच्या आत राहून चित्र घ्यावे.